गाळणी, किसणी आणि एक चेहरा

आमच्या घरमालकांची पहिली ठळक आठवण म्हणजे ते माझ्या लोणच्याच्या बरणीपुढे देवापुढे उभं राहावं तसे उभे होते. बरणीत आजऱ्याहून आणलेलं कैरीचं लोणचं होतं, पण त्यांना लोणच्याशी काही देणंघेणं नव्हतं. एसटीच्या धक्क्यानं फुटू नये म्हणून मी बरणीला बबल रॅप गुंडाळलं होतं. मी शिरोलीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. तिथे बाहेरदेशातून मशिनचे सुटे भाग यायचे ते या फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकात. नव्वदच्या दशकात ते कोल्हापुरात अपूर्वाईचं होतं. त्याचा तुकडा हाती लागला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे कामं सोडून टकटक फुगे फोडत बसायचे.

नळाला पाणी आल्याचं सांगायला मामा, म्हणजे हे घरमालक, जिना चढून वर आले आणि दारातच थबकले. खिडकीतलं दुपारचं ऊन नेमकं बरणीवर पडलं होतं.

"हे काय हाय?"

"लोणचं, मामा. देऊ का वाटीत?"

"लोणचं ऱ्हाऊ दे गं. हे वरचं."

मी सांगितलं. सांगता सांगता सवयीनं एक फुगा फोडलाही. मामांनी असं तोंड केलं, जणू त्यांच्या देखत मी चिमणीचं अंडं फोडलं होतं.

"फोडतीस? एवढं ऊन धरून बसलंय ते बिचारं, आन तू फोडतीस व्हय?"

त्या दिवशी बरणी उघडी पडली आणि प्लॅस्टिक खालच्या मजल्यावर गेलं. नळाचं पाणी निघून गेलं ते वेगळंच.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुमजली घर होतं. खाली मामा-मामी, वर मी. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे ते मामाच. उंच, वाळकुडे, अंगात पांढरा सदरा, आणि डावा डोळा कायम किंचित बारीक केलेला. हा माणूस फोटोग्राफर होता, पण माणसांचे फोटो काढत नसे. गाळणीचे काढी, किसणीचे काढी, भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याचे काढी. कुणी लग्नाला बोलवायला आलं तर सांगे, "वस्तू हलत न्हाय, खोटं हसत न्हाय, आन फोटो बघून रडत बी न्हाय. आमचं त्यांचं बरं चाललंय."

मामांचं सांगायचं तर आधी माझ्या तोंडाचं सांगायला हवं. कॉलेजात असताना माझ्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका उठला. मग एक हनुवटीवर, एक डाव्या पापणीवर, मानेवर दोन-चार. कोड. औषधं झाली, लेप झाले, नवस झाले, डाग आपले पसरत राहिले. टेलिफोनची नोकरी मी मुद्दामच धरली होती. तारेपलीकडच्या माणसाला आवाज पोचतो, तोंड पोचत नाही. कोड उठल्यापासून मी फोटो काढून घेतला नव्हता. आणि माझ्या वडिलांना, आबांना, स्थळाला पाठवायला फोटो हवा होता. नुसता फोटो नव्हे, डाग नसलेला फोटो. मलाही तोच हवा होता, उगाच मोठेपणा कशाला सांगू? तसा फोटो हुबेहूब करून देईल असा सगळ्या कोल्हापुरात एकच हात होता. तो माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता आणि त्या हातानं ते काम कायमचं सोडलं होतं.

कारण मामा मुळात रिटचर. आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळात स्टुडिओत एक माणूस फक्त याच कामाला असे. उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड पाडायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहरे सुधारायचे. वांग, मुरमं, देवीचे व्रण, डोळ्याखालची वर्तुळं, सगळं मामांच्या पेन्सिलीखाली विरघळून जाई. सावळी मुलगी गोरी होई, गोरी मुलगी गुलाबाची होई. कितीतरी पोरी मामांच्या पेन्सिलीवर पाय ठेवून बोहल्यावर चढल्या, असं लोक चेष्टेनं म्हणत.

ते सुटलं कसं, हे मला मामींनी सांगितलं. मामी म्हणजे कोल्हापूरची अस्सल बाई, ‘मी येते’ऐवजी ‘मी येतो’ म्हणणारी आणि दबक्या आवाजात सांगितलेली गोष्टसुद्धा चार घरं ऐकतील अशी सांगणारी.

"कबनूरची पोरगी होती गं. देवीचं व्रण हे एवढं एवढं. ह्यांनी फोटो केला, निस्तं लोणी! नवरा मिलिटरीत. त्यानं तिकडं फोटो बघितला, व्हय म्हणून कळवलं, आन आला ते डायरेक लग्नाला. म्हैन्यात पोरगी माघारी. मग एक दिवस ती स्टुडिओत आली फोटो घिऊन. ह्यांच्या म्होरं ठेवला आन म्हणाली, ‘लगीन हिच्याशी झालंय त्यांचं. हिलाच नांदाय पाठवा.’ बस. त्या दिवशी ह्ये घरला आलं, पेन्सिल डबीत टाकली. मी तुला सांगतो, चार दिवस जेवलं न्हाईत."

मामी हे सांगत असताना मामा गच्चीवर एका चहाच्या गाळणीभोवती फिरत होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. पण ते गाळणी सोडून आमच्याकडे बघायला तयार नव्हते.

त्यांची काम करायची रीत बघत राहावी अशी होती. एका वस्तूला एकच फोटो. दुसरा नाही. म्हणत, "दोनदा विचारलं की वस्तू बी खोटं बोलाय लागती." मग तो एक फोटो काढण्याआधी ते त्या वस्तूसोबत आठ-आठ दिवस राहत. किसणी सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी गच्चीत, संध्याकाळी मोरीत. कॅमेरा खुंटीलाच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ऊन अजून पिकलं न्हाय." स्वयंपाकघरातली वस्तू सापडली नाही की मामी आधी गच्चीत शोधत. एकदा जेवायला पाहुणे आले आणि किसणी गच्चीत ऊन खात पडलेली. मामींनी पाहुण्यांना वाढता वाढता सांगून टाकलं, "पावणं, आजची आमटी बिनखोबऱ्याची. खोबरं किसायचं हत्यार फोटो काढून घ्यालंय."

पण तो किसणीचा फोटो! मोरीतच काळा पडदा लावून त्यांनी तो छापला आणि ओला कागद माझ्यापुढे धरला. मला दिसला एक डोंगर. रात्र पडत आलेला, आणि त्याच्या उतारावर दारात दिवे लागलेली घरं, ओळीनं, खाली खाली उतरत गेलेली. मी म्हटलं, "मामा, हे कुठलं गाव?" मामींनी मागून सांगितलं, "आमच्या भांड्याच्या फळीवरचं." मला खरं वाटेना. रोज जिच्यावर बोटं सोलून घेतली त्या किसणीत एक अख्खं गाव राहत होतं आणि मला पत्ताच नव्हता. त्यानंतर बरेच दिवस मी घरातल्या वस्तूंना जरा बिचकूनच हात लावत होते.

बबल रॅपवर तर त्यांनी सहा महिने काढले. आधी ते उन्हात टांगलं, मागे मामींचं लाल लुगडं लावलं, पितळी ताट लावलं, भिजवलं, घडी घातली, चुरगळलं. फोटो मात्र काढेनात. मग एक दिवस ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शनची सुई घेऊन आले आणि एकेका फुग्यात पाणी भरत बसले. भोकावर मेणाचा ठिपका. मी कारखान्यातून यायची तेव्हा दिसायचं, मांडीवर प्लॅस्टिक, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं. गल्लीतल्या बायकांनी मामींना हळूच विचारलंदेखील, "बरं हाय न्हवं त्यांचं?"

एका रविवारी सकाळी त्यांनी मला गच्चीवर हाक मारली. कपड्यांच्या तारेला चिमटे लावून ते पाण्याचं प्लॅस्टिक टांगलं होतं. "लांबनं न्हाय, जवळ ये. आणि जवळ." मी अगदी जवळ गेले. प्रत्येक फुग्यात आमची गल्ली होती. उलटी. उलटी पाण्याची टाकी, उलटी कौलं, समोरच्या घरावरचा उलटा टीव्हीचा अँटिना, आणि खाली, जिथं जमीन असायची तिथं, निळं आभाळ. एका फुग्यात नव्हे, सगळ्यांत. शेकडो गल्ल्या, एकमेकींना चिकटून, वाऱ्यानं हलणाऱ्या. तेवढ्यात पलीकडे मामी बादली घेऊन कपडे काढायला आल्या आणि शेकडो मामी डोकं खाली पाय वर करून शेकडो बादल्या घेऊन चालू लागल्या. माझ्या अंगावर काटा आला. हसावं की हात जोडावेत कळेना.

"काढा ना मामा! आत्ता काढा!"

"ती जाऊ दे आदी," मामा म्हणाले.

मामी कपडे काढून, घड्या घालून, दोन शिव्या घालून खाली गेल्या, तेव्हा त्यांनी फोटो काढला. बायकोचासुद्धा फोटो निघू नये एवढा त्यांचा नेम कडक होता. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढी ताकद हातात असून हा माणूस ती गाळण्या-किसण्यांवर उधळतो आणि माझ्यासारखीच्या एका फोटोला नाही म्हणतो, असं वाटायचं. मी एकदा विचारून बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मला त्येवढं सोडून काय बी सांग."

पुढं दोन हजारनंतर गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी गणपतीत मंडपाच्या दोन्ही अंगांना मामांचे फोटो टांगले. खाली नावं नव्हती. लोक फिरून फिरून ओळखत होते आणि पैजा लावत होते. तव्यावरच्या पापडाला लोक चंद्र म्हणाले, तारेच्या चोथ्याला म्हातारीचे केस म्हणाले. एक पैलवान त्या पाण्याच्या फुग्यांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि मग जवळच्या माणसाला म्हणाला, "गप ऱ्हावा जरा. बघू द्या." मामांना एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नसेल. त्याच सुमारास पुतण्यानं डिजिटल कॅमेरा आणून दाखवला. फोटो काढल्याबरोबर मागे दिसतो म्हटल्यावर मामांनी तो कॅमेरा उलटासुलटा केला आणि परत दिला. "चांगलाय की. पण लगीच दिसायला लागलं तर मानूस वाट कशाची बघणार?" मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात सलाईनच्या बाटलीतले बुडबुडे दाखवून मामींना म्हणत होते, घरचा कॅमेरा आणून दे. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याच्या खूप आधीची खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कुऱ्हाडी मांडतो, सुतार रंधा मांडतो, आमच्या कारखान्यात लेथ मशिनला झेंडूचा हार पडतो आणि पेढे वाटून सुट्टी होते. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं शिलंगण करून आल्याशिवाय उचलायचं नाही, हा नेम. मामांची पूजा बघायला लोक मुद्दाम डोकावत. पाटावर लाल कापड, त्यावर गाळणी, किसणी, तारेचा चोथा, बबल रॅपची व्यवस्थित घडी. मधोमध, वर्षातून या एकाच दिवशी डबीबाहेर येणारी रिटचिंगची पेन्सिल आणि तिच्या शेजारी एक बारीक पातं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. कॅमेरा मात्र खुंटीलाच.

"कॅमेऱ्याला फूल न्हाय, मामा?" कुणीतरी दरवर्षी विचारायचंच.

"त्यो काय हत्यार हाय? डोळा हाय त्यो. त्येला पुजायचा नसतोय, उघडा ठेवायचा असतोय."

त्या वर्षी पूजा चालू असतानाच आबा आजऱ्याहून आले. कुरुंदवाडचं स्थळ होतं, शेतीवाडी असलेलं, माणसं चांगली म्हणत होते. मध्यस्थ कोल्हापुरात उतरला होता आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो घेऊन कुरुंदवाडला जाणार होता. आबांनी मला खोलीत बसवून सगळं सांगितलं. सांगताना ते माझ्या पायांकडे बघत होते. कोड उठल्यापासून ते माझ्याशी असंच बोलत, कधी पायांकडे बघून, कधी भिंतीकडे. मला राग नव्हता. त्यांच्यानं बघवत नसे, एवढंच.

"फोटोतच नको म्हणले तर बघाय तरी कोण येणार?" ते म्हणाले. "एकदा म्होरं बसलीस की गुण बघतील."

मामांचा हात कसा होता हे त्यांना गल्लीत शिरल्या शिरल्याच कुणीतरी सांगितलं होतं. ते खाली गेले आणि पाटापुढे उभे राहून त्यांनी सरळ पेन्सिलीकडे बोट केलं.

"मालक, एवढी एकदा उचला."

"पूजेत हाय," मामा म्हणाले. त्यांचा सुटल्यासारखा आवाज मला जिन्यात ऐकू आला.

"मग उद्या. शिलंगण झाल्यावर."

मामा पाटावरचा झेंडू सारखा करत राहिले. आबा हलेनात. भाताच्या गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, कुणापुढं वाकायची सवय नाही. ते पाटापुढे खाली बसले. "पोरगी हाय माझी. मी मेल्यावर तिला कोण?"

मामी पुरणाची कणीक मळत होत्या. हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आल्या. "आवो, करा की! ती कबनूरची माघारी आली, तिचं पाप हिच्या डोक्यावर का?"

मामांनी डावा डोळा आणखी बारीक केला. मग खुंटीवरचा कॅमेरा काढला. "फोटो काढतो. रिटचचं उद्या बघू. जा, तिला बोलवा."

मी जिन्यातून खाली उतरले. मी म्हटलं, "मामा, मला त्या फुग्यांच्या प्लॅस्टिकमागं बसवा ना. तोंड तुकड्या-तुकड्यांत दिसेल. डाग कळायचे नाहीत."

"ते बी पूजेत हाय," मामा म्हणाले.

तेव्हा मला कळलं की आज माझ्या आणि त्या कॅमेऱ्याच्या मध्ये काहीच येणार नाही. मला खिडकीपाशी पाटावर बसवलं. मामी धुतलेली परात घेऊन आल्या. मामांनी ती आबांच्या हातात दिली. "ह्यातनं उजेड फिरवायचा, तिच्या तोंडावर. कसा पडतोय बघा. पावणं, पायाकडं काय बघालाय? उजेड तोंडावर पाहिजे."

आबांना बघावं लागलं. परात धरून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. उजेड सरकायचा, मामा म्हणायचे, "आनी डावीकडं. हनवटीवर. आता पापनीवर." आबा एकेका डागावर उजेड नेत होते. मला रडू येत होतं आणि मामा म्हणत होते, "आलं तर येऊ दे, पुसू नको. चमकतंय ते." ते माझ्याभोवती फिरले, जसे गाळणीभोवती फिरत तसेच. बसले, उठले, परत बसले. "ऊन पिकाय लागलंय," एकदा स्वतःशीच म्हणाले. आबांचे हात भरून आले असणार, पण परात खाली आली नाही. खूप वेळानं एकदाच खटका वाजला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे शिलंगणाहून आलो. मामांनी आपट्याचं सोनं आधी पाटावरच्या हत्यारांना दिलं, मग माणसांना. मग पाटावरची पेन्सिल आणि पातं उचलून ते जुन्या काचेपाशी बसले. खाली दिवा लावून त्यांनी माझी निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि मला शेजारी बसवलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे मला ठाऊक होतं, पण स्वतःला तसं कधी बघितलं नव्हतं. माझा सावळा चेहरा लख्ख पांढरा झाला होता आणि डाग काळेभोर.

"बघ," मामा म्हणाले. "हितं तू गोरी आन डाग काळं. आता तूच सांग, डाग कंचा आन तू कंची?"

मग त्यांनी कामाचं सांगितलं. पेन्सिलीनं निगेटिव्हवर काळं चढवलं की कागदावर तेवढं पांढरं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. माझ्या डागांना पेन्सिल चालणार नव्हती. ते पात्यानं खरवडून काढावे लागणार होते. "पेन्सिल पुसता येती. खरवडलेलं परत येत न्हाय. न्हायतर दुसरा रस्ता हाय, डाग ऱ्हाऊ द्यायचं आन बाकीचं सगळं तोंड पेन्सिलीनं पांढरं करायचं. मग कुणाला काय कळायचं न्हाय." असं म्हणून ते कोरडं हसले.

आबा उंबऱ्यात उभे होते. मामांनी पातं माझ्यापुढे धरलं नाही, स्वतःच्या हातातच ठेवलं. "तू म्हणशील ते करतो. ह्या वेळी मला नको इचारू."

आणि त्यांनी आतून छापलेला फोटो आणून माझ्या मांडीवर ठेवला.

काय सांगू? फोटोत एक बाई खिडकीपाशी बसली होती. आमच्या रानात भर दुपारी दाट झाडाखाली बसलं की पानांतून उन्हाचे कवडसे अंगावर पडतात, तसे तिच्या ओठावर, हनुवटीवर, पापणीवर कवडसे पडले होते. खिडकीतला उजेड कुठे संपतो आणि तिचा स्वतःचा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडकी दिसत नव्हती. ती कुणाकडे तरी बघत होती आणि पलीकडचंही माणूस तिच्याकडे बघत होतं. ती मीच होते हे मला समजत होतं, तरी मी तो फोटो परक्या बाईचा बघावा तसा बघत राहिले. आरशात मी इतकी वर्षं फक्त डाग मोजले होते. हिचं तोंड मी पहिल्यांदा बघत होते.

"खरवडू नका," मी म्हटलं.

माझ्या अंगात काही धीटपणा आला नव्हता. कुरुंदवाडचा नकार डोळ्यांपुढे दिसत होता. पण त्या फोटोवर पातं फिरवायचं माझ्या जिवावर आलं. मी आबांकडे बघितलं. त्यांनी फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला, आणि मध्यस्थाकडे नेण्यासाठी पिशवीत ठेवला.

मामांनी पेन्सिल आणि पातं डबीत टाकलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

नकार आला. दिवाळीच्या आधीच आला. मध्यस्थानं कारखान्यात फोन करून कळवलं, आणि ऑपरेटर मीच असल्यामुळे तो मीच घेतला. घरी येऊन खाली सांगितलं. मामी त्या कुरुंदवाडकरांच्या सात पिढ्यांना नावं ठेवू लागल्या. मामा एवढंच म्हणाले, "म्हंजे कुणाची फसवणूक झाली न्हाय." मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की मी जेवले नाही. वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. फोटो कितीही सुंदर असो, नको म्हटलं होतं ते मलाच.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आबा आले. न कळवता. मी मामींबरोबर खाली चकल्या पाडत होते. आबा घामानं डबडबलेले, टोपी वाकडी झालेली. सोप्यात बसले, पाणी प्यायले. मला वाटलं आजऱ्याहून आलेत.

"कुरुंदवाडला गेलतो," ते म्हणाले.

"कशाला, आबा? नको म्हणाले ना ते."

"फोटो आणाय."

त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला फोटो काढला आणि कोपरे दुमडलेत का ते बघितलं.

"देत नव्हती माणसं," ते मामांना सांगू लागले. "म्हातारी म्हणाली, पोरगी नको आमाला, पण फोटो ऱ्हाऊ द्या. सोप्यात लावलाय, बघाय बरा वाटतोय. लावला होता, खरंच! भितीला, खिळ्याला. म्या म्हणलं, आज्जी, फोटोतली आन घरातली एकच हाय. एक नको तर दुसरी बी न्हाय. आन म्याच हातानं काढला."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. सरळ, तोंडाकडे. आणि त्यांचे डोळे असे पेटले होते, की मला वाटलं, माझ्या बापाला मीही आजच बघतेय.

मामींचा सोऱ्या तेलावर तसाच थांबला. मामा उठले, खुंटीपाशी गेले आणि कॅमेरा काढला. एवढ्या वर्षांत त्यांना ऊन पिकण्याची वाट न बघता कॅमेऱ्याला हात घालताना मी त्या एकाच वेळी बघितलं.

आबा गडबडले. एका हातानं डोक्यावरची टोपी सारखी करायला गेले.

"ऱ्हाऊ द्या, पावणं," मामा म्हणाले. "वाकडीच ऱ्हाऊ द्या."

आबा तसेच बसून राहिले, वाकड्या टोपीनं, माझा फोटो मांडीवर उभा धरून.